घट्टमामांची हवाबंद खोली

घट्टमामांचं घर चौकाच्या अगदी नाकावर होतं. दुसरा मजला. खाली सिग्नल, आणि सिग्नलला थांबलेले ट्रक असे धूर सोडायचे की जणू ह्याच घरी तो पोचवायची त्यांना ताकीद होती. समोर सिमेंट कालवायचा कारखाना. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारच्या चहापर्यंत बोटाने नाव लिहिता यायचं. मामांची सात वर्षांची नात भिंगरी तर त्यावर चित्रंसुद्धा काढायची. मांजर चांगलं जमायचं तिला.

घट्टमामा हे नाव त्यांना कामावर पडलं. उभा जन्म त्यांनी कोल्ड स्टोरेजची दारं सांभाळण्यात घालवला होता. दाराच्या कडेला रबरी पट्टी बसवताना ते हाताखालच्या लोकांवर ओरडायचे, "घट्ट बसव! अजून घट्ट!" आत थंडी राहिली पाहिजे आणि बाहेरची हवा बाहेर, एवढा एकच मंत्र. मुंगीला आत यायचं असेल तर तिने आधी मला विचारावं, असं ते छाती फुगवून सांगायचे. निवृत्त झाल्यावर हा घट्टपणा त्यांनी घरी आणला. त्यांनी लावलेलं बरणीचं झाकण दुसऱ्या कुणाला उघडायचं नाही, त्यामुळे साखर हवी असली तरी बायकोला त्यांना झोपेतून उठवावं लागे. "माझी साखर तुरुंगात आहे," असं ती शेजारणींना सांगायची.

तर भिंगरीला खोकला होता. साधासुधा नव्हे, छातीत शिट्टी वाजवणारा, पहाटे तर मोठी उबळ आणणारा. डॉक्टरीणबाईंनी पंप दिला, औषध दिलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हे सगळं मी देते, पण घरातली हवा कुठून देऊ? ती तुमची तुम्ही बघा."

सुनेने ते मनावर घेतलं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. दिवसभर 'आता दिसतं का, आता दिसतं का' विचारून तिला गोष्टी स्पष्ट बघायची सवयच लागली होती. तिने गावाच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीवर, एक भाड्याची जागा शोधली. झाडं होती, ट्रक नव्हते. खोल्या मात्र दोनच. म्हणजे मुलगा, सून आणि भिंगरी तिकडे, आणि म्हातारा-म्हातारी इकडे. जागेच्या मालकाला महिनाअखेरीला हो की नाही ते सांगायचं होतं.

हे घट्टमामांना मुळीच पटलं नाही. भिंगरी शाळेतून आली की दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे आणि स्वतः तिसरीकडे अशी घरभर फिरायची, आणि मामा तिच्या मागे ते सगळं गोळा करत ओरडायचे. ते ओरडणं हाच त्यांच्या दिवसातला सगळ्यात गोड भाग होता. तो गेला तर संध्याकाळभर करायचं काय? बायकोशी बोलायचं? सगळं बोलून झालं होतं.

"हवा बदलायला घर कशाला बदलायचं?" ते जेवताना म्हणाले. "महिनाअखेरीपर्यंत मला द्या. हवेचा बंदोबस्त मी करतो."

"बाबा, हवा काय बटाट्याचं पोतं आहे, उचलून बाजूला ठेवायला?" मुलगा म्हणाला.

"अरे, हवा अडवण्यावर तर घर चाललं माझं!"

सुनेने मान हलवली, पण ती हो म्हणून हलवली की भाजीत मीठ कमी आहे म्हणून, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मामांनी भिंगरीच्या खोलीचा ताबा घेतला. कोल्ड स्टोरेजमधल्या जुन्या दोस्तांकडून रबरी पट्ट्या आणल्या. चौकाकडची खिडकी चारही बाजूंनी बंद केली, भिंतीतल्या चिरा बुजवल्या, दिव्याच्या बटणामागची फटसुद्धा सोडली नाही. दाराला अशी पट्टी बसवली की दार लावलं की 'फस्' असा आवाज यायचा. तो ऐकला की मामांचे डोळे मिटायचे, दुसऱ्या कुणाचे गाणं ऐकून मिटतात तसे. मागच्या बाजूची लहान खिडकी राहिली होती. तिच्याकडे त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि तीही बंद केली.

मुलाने हवा मोजायचं यंत्र आणलं. तळहाताएवढी पांढरी डबी, तिच्यावर धुळीचा आणि धुराचा आकडा दिसायचा आणि खाली दिवा. हवा चांगली असली तर हिरवा, बरी असली तर पिवळा, वाईट असली तर लाल. बाहेरच्या खोलीत लाल होती. भिंगरीच्या खोलीत दार 'फस्' करून बंद केलं, सगळे श्वास रोखून उभे राहिले, आणि थोड्या वेळाने डबी पिवळी झाली, मग हिरवी.

"बघा!" मामा म्हणाले. त्यांना एवढा आनंद लग्नातही झाला नव्हता, आणि हे त्यांनी बायकोसमोर बोलून दाखवलं.

मग काय, मामांना डबीचं वेडच लागलं. इन्स्पेक्टरसारखे ती हातात घेऊन ते घरभर हिंडू लागले आणि एकेकाच्या भानगडी बाहेर निघू लागल्या. पहिली धाड स्वयंपाकघरावर पडली. आजी कढईत कांदा परतत होती. डबी लालबुंद! आकडा असा चढला की चौकातले सगळे ट्रक एकत्र येऊनही चढवू शकले नसते.

"अगं, शेगडीवर तू काय कारखाना काढलायस?" मामा म्हणाले.

"इतकी वर्षं हेच खाऊन ढेकर दिलीत, तेव्हा नाही कुठला दिवा लागला लाल," आजी म्हणाली. "त्या डबीला सांगा, ट्रककडे बघ म्हणावं."

पण सुनेने स्टुलावर चढून धूर बाहेर टाकायच्या पंख्याकडे बघितलं, तर त्याची पाती तेलाने एवढी माखलेली होती की तो फिरतो आहे हे त्याचं त्यालाही कळत नसावं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! पंखा धुतला, कढईवर झाकण आलं, आणि आजी धुमसत का होईना, मंद आचेवर आली.

दुसरी धाड झाडूवर. कोरड्या झाडूने आजी खालची धूळ मोठ्या कष्टाने वर पाठवत होती आणि ती पुन्हा खाली बसायच्या आत काम संपवत होती. तिथे ओलं फडकं आलं. तिसरा आरोपी मुलगा निघाला. डास चावू नयेत म्हणून तो रोज भिंगरीच्या पलंगाखाली अगरबत्ती लावायचा, डासांची, गोल वेटोळ्याची. तिच्या धुरात डबी लाल झाली आणि पाठोपाठ मुलगाही. "मला वाटलं, डास मरतात म्हणजे चांगलंच असणार," तो म्हणाला. त्या दिवशी मच्छरदाणी आली.

इथपर्यंत सगळं झकास चाललं होतं. मामांनी थांबायला हवं होतं, पण अति तिथे माती ही म्हण ज्यांच्यासाठी केली ती माणसं ती कधी ऐकत नाहीत. खोलीचं दार सारखं बंद राहिलं पाहिजे, असा त्यांनी हुकूम काढला. अभ्यास आत, खेळ आत, झोप आत. दार उघडं दिसलं की ते जिथे असतील तिथून ओरडायचे, "दार!"

आणि त्या खोलीत एक चमत्कार सुरू झाला. जो आत जाईल तो पेंगायचा. शेजारच्या गणिताच्या बाई भिंगरीला पाढे शिकवायला यायच्या. शाळेत चाळीस पोरांना दरडावणारी बाई, सहाच्या पाढ्यात तिची मान खाली गेली आणि भिंगरीने एकटीनेच बाराच्या पाढ्यापर्यंत मजल मारली, तीही चुकीची. मुलगा भिंगरीला गोष्ट सांगायला आत गेला आणि राजा जंगलात शिरायच्या आत स्वतःच घोरायला लागला. आजी कपड्यांच्या घड्या घालायला गेली, ती घड्यांवरच आडवी झाली.

"शुद्ध हवेची झोप आहे ही!" मामा सगळ्यांना सांगू लागले. "विकत घ्यायला गेलात तर मिळायची नाही."

भिंगरीचा खोकला मात्र होता तसाच होता, वर ती सकाळी किरकिरी उठू लागली. तोंड सुजलेलं, नाश्ता नको, शाळा नको. एके दिवशी सुनेने सरळ खोलीचं दार उघडलं आणि उघडंच ठेवलं.

"दार!" मामा ओरडले.

"बाबा, रोज सकाळी तिचं डोकं दुखतंय. आत गेलं की मलाही जड जड वाटतं. ह्या खोलीत काहीतरी बरोबर नाहीये."

"डबी हिरवी आहे! हिरवी! तुझा डबीवरसुद्धा विश्वास नाही?"

"डबी झोपत नाही तिथे, भिंगरी झोपते."

मामांना ते लागलं. आणि लागलं की माणूस जे बोलू नये ते बोलतो. "तुला जायचंच आहे," ते म्हणाले. "म्हणून खोट काढतेयस. सरळ सांग ना, ह्या घरात राहायचं नाही म्हणून."

सुनेने पर्स उचलली आणि ती दुकानात निघून गेली. आजी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मामांकडे बघत होती. मुलगा बूट घालता घालता एवढंच म्हणाला, "बाबा, हे बोलायला नको होतं." ते मामांनाही कळत होतं. पण डबी हिरवी होती ना!

त्या दुपारी भिंगरीला सुट्टी होती. मामा हट्टाने तिच्याबरोबर खोलीत बसले. दार 'फस्' करून लावलं. मी स्वतः बसतो, बघतो कुणाचं डोकं दुखतं ते! भिंगरी पलंगावर लोळत चित्रात रंग भरत होती. तिने विचारलं, "आजोबा, तुमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काय काय असायचं?"

"बटाटे. डोंगरच्या डोंगर बटाटे."

"मग ते तिथे काय करायचे?"

"झोपायचे. थंडीत बटाट्याला झोप लागते. पण मेलेला नसतो हं तो, जिवंत असतो. बटाटा श्वास घेतो."

"नाक कुठे असतं त्याला?"

"नाकाशिवाय घेतो. अंगानेच घेतो." मामा रंगात आले. कामाच्या गोष्टी ऐकणारं माणूस घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं. "म्हणून तर रोज सकाळी मी पहिलं काम काय करायचो? वरच्या झडपा उघडायचो. आतली शिळी हवा बाहेर, ताजी आत. दार कितीही घट्ट असो, झडप उघडायलाच हवी. एकदा एका नव्या माणसाने आळस केला, झडपाच उघडल्या नाहीत. आठवड्याने बटाटा कापून बघतो तर वरून गुटगुटीत आणि आतून काळाठिक्कर. कोंडलेल्या हवेत जीव घुसमटतो त्याचा. मी त्या माणसाला एवढा झापला, म्हटलं, अरे गाढवा, जिवंत माल आहे हा, त्याला कोंडून..."

मामा थांबले.

भिंगरीने एक लांबलचक जांभई दिली. रंगाची कांडी तिच्या हातातून गादीवर पडली होती. मामांनी तिच्याकडे बघितलं, मग बंद खिडकीकडे, मग दाराच्या त्या सुंदर काळ्या पट्टीकडे. त्यांच्या कपाळात ठणकत होतं. मघापासूनच ठणकत असणार, पण हट्टापुढे कपाळाचं कोण ऐकतं!

डबी हिरवीगार होती. ती धूळ मोजत होती. माणसांनी सोडलेल्या शिळ्या श्वासाशी तिचा काही संबंधच नव्हता.

ते उठले आणि त्यांनी दार सताड उघडलं. मग भिंगरीला उचलून बाहेरच्या खोलीत आणलं, तिथे कितीही धूळ असली तरी. ती म्हणाली, "आजोबा, दार!" आणि मामांना हसावं की रडावं ते कळेना.

सून दुकानातून आली तेव्हा ते जिन्याच्या तोंडाशीच उभे होते. ती चपला काढते आहे तोवरही त्यांना धीर धरवला नाही.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "बोललो तेही चुकलं आणि केलं तेही. बटाटे श्वास घेतात हे मला पुरतं ठाऊक होतं गं. माणसं घेतात तेच विसरलो."

सून एक चप्पल हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. "चला, बटाट्यांच्या मागून का होईना, आमचा नंबर लागला."

मग ती तिथेच पायरीवर बसली. "बाबा, मला जायची हौस नाहीये. तिकडे गेले तर भिंगरीला सांभाळणार कोण, मला काय कळत नाही? पण ती खोकायला लागली की मी उठून बसते आणि तिचा श्वास ऐकत राहते. मला फक्त झोपायचंय. तिने झोपावं आणि मी झोपावं, बास."

मामाही गुडघे धरत पायरीवर बसले. त्यांच्या मनात आलं, आपण ह्या पोरीला शत्रू समजत होतो, आणि ही तर आपल्याच बाजूने लढत होती. "तिकडेच तिला बरं वाटणार असेल तर जा," ते म्हणाले. "सामान मी स्वतः खाली नेईन. पण अजून थोडे दिवस आहेत. एकदा तुझ्या डोक्याने करून बघू."

सुनेचं डोकं असं चाललं की आधी नीट बघायचं. दोघांनी डबी घेऊन प्रत्येक खिडकी वेगवेगळ्या वेळी तपासली. चौकाकडे सदा लाल. पण मागच्या लहान खिडकीतून शेजाऱ्यांचं अंगण आणि वाळत घातलेले कपडे दिसायचे, आणि तिथली हवा पुष्कळ बरी होती. दुपारी कारखान्याची जेवणाची सुट्टी झाली की तर ती हिरवीच. ही खिडकी मामांनी एवढ्या प्रेमाने बुजवलेली होती! ती त्यांनीच खरवडून उघडली. मग फळ्या कापून एक चौकट केली, तिच्यात आधी मोठ्या एसीत असतो तसला घड्यांचा जाड फिल्टर आणि त्याच्यामागे पंखा, आणि ती चौकट खिडकीत बसवली. आता बाहेरची हवा गाळून आत येणार होती. चौकाकडची खिडकी मात्र सुनेने तशीच घट्ट बंद ठेवायला सांगितली. "ते काम एक नंबर झालंय, बाबा," ती म्हणाली, आणि मामा दिवसभर तरंगत होते.

"पण आलेली हवा जाणार कुठून?" सुनेने विचारलं.

उत्तर मामांना माहीत होतं. त्यांना ते द्यायचं नव्हतं. दाराखालची पट्टी कापावी लागणार होती. सगळ्या घरात तीच त्यांची खरी करामत होती, कुठे सुरकुती नाही, कुठे जोड दिसत नाही. ते पट्टीसमोर मांडी घालून बसले. बसूनच राहिले. शेवटी आजीने कात्री आणून त्यांच्या हातात दिली.

"कापा," ती म्हणाली. "आणि तेवढ्यात साखरेची बरणी पण उघडून द्या."

मामांनी पट्टी कापली. दाराखालून हवेची झुळूक त्यांच्या पायाच्या बोटांना लागली. मेलं, बरं वाटलं.

नंतर त्या खोलीत गणिताच्या बाई जाग्या राहू लागल्या, हे भिंगरीला मुळीच आवडलं नाही. डोकेदुखी गेली. नाश्ता परत आला, दोनदा मागून घेऊ लागली पोरगी. पंप डॉक्टरीणबाईंनी सांगितला तसा चालूच होता. खोकला हळूहळू उतरत होता, आज कमी, उद्या पुन्हा थोडा, असं पुढे-मागे करत. पहाटेची ती मोठी उबळ मात्र काही केल्या सुटत नव्हती, आणि महिना संपत आला. जागेच्या मालकाने निरोप धाडला: उद्या सकाळीच सांगा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

त्या रात्री मामांनी माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली, पुसली आणि सुनेला दिसेल अशी भिंतीला लावून ठेवली. मग जाऊन पडले.

सकाळी त्यांना जाग आली ती तोंडावर ऊन आल्यामुळे.

ऊन? त्यांच्या पलंगावर ऊन यायचं ते लोक कामावर पोचल्यावर! ते धडपडत उठले. तेवढ्यात पलीकडून मुलाची आरोळी आली, "अरे, वाजले किती?" आणि घरात पळापळ सुरू झाली. मुलगा एका पायात पँट घालून दुसरा पाय शोधत होता. आजी दुधाची पिशवी कापायच्या ऐवजी ब्रेडची कापून बसली. सून केस बांधत, क्लिप दातात धरून बाहेर आली आणि सगळ्यांना विचारू लागली, "उठवलं कसं नाही कुणी? गजर कुणी लावला नव्हता?"

"आपण कुठे लावतो गजर?" मुलगा म्हणाला. "गजर लागतोच कशाला, पहाटे भिंगरी..."

तो तिथेच थांबला. आजीची कात्री हातात राहिली. गेल्या कित्येक महिन्यांत ह्या घरात कुणी घड्याळाने उठलं नव्हतं. पहाटे भिंगरीची उबळ यायची आणि सगळं घर उठून बसायचं.

चौघेही पाय न वाजवता तिच्या दाराशी गेले. पंखा फिरत होता. भिंगरी मच्छरदाणीत आडवीतिडवी पसरली होती, एक पाय उशीवर, तोंड उघडं, आणि छातीत शिट्टी नव्हती. साधा श्वास होता, आत जायचा आणि बाहेर यायचा. सुनेने ते कान देऊन ऐकलं. मग ती दाराशीच खाली बसली आणि तोंडावर पदर दाबून रडायला लागली, आणि रडता रडता हसायला लागली.

"शाळा?" मुलगा कुजबुजला.

"बुडू दे," सून म्हणाली. "माझं दुकान पण बुडू दे." तेवढ्यात बाहेर फोन वाजायला लागला. जागेचा मालक. सुनेने मामांचा हात धरला. "बाबा, तुम्ही सांगा त्यांना. माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही."

"काय सांगू?"

"सांगा, नको."

मामांनी फोन उचलला. "हॅलो" म्हणाले, आणि पुढे त्यांनाही बोलता येईना. गाल ओले, तोंड उघडं, आवाज नाही. आजीने एक क्षण वाट बघितली आणि फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

"येत नाहीत हो आमची माणसं," ती हळू आवाजात म्हणाली. "का म्हणजे? आमची नात झोपलीय. तुम्ही पण जरा हळू बोला."